दोन युनिट जादा

शुगर निघाली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि रोज सकाळी आठ किलोमीटर पळत होते. त्यामुळे मी बारीक होत चालले याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट बायका विचारायच्या, "मॅडम, काय खाताय हल्ली?" लातूरच्या एका क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची रिपीटर बॅच, एका हॉलमध्ये तीनशे पोरंपोरी, कानाला अडकवलेला माइक. त्या उन्हाळ्यात एका तासाला मी दोन बाटल्या पाणी पीत होते, आणि शिंपिणीनं माझे सगळे ड्रेस दोनदा आत घेतले होते. घराजवळच्या ज्या चढावर मी वेग वाढवायचे, तिथं आता गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायचे. मला वाटलं, वय झालं.

पहिल्या डॉक्टरांनाही तेच वाटलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करा म्हणाले, चालायला जा म्हणाले. मी सांगितलं, मी पळते. ते हसले. "मग आणखी पळा."

चार महिने गोळ्या घेतल्या, आणखी पळाले आणि आणखी सहा किलो गेले. माझे मिस्टर मुरूडच्या एका शाळेत शिक्षक आहेत. फारसं बोलत नाहीत. एका रविवारी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, तर ते मागून म्हणाले, "मला वाटलं, दुसरंच कुणीतरी उभं हाय." त्यात चेष्टा नव्हती. दुसऱ्याच दिवशी आम्ही नांदेडला गेलो.

नांदेडच्या डॉक्टर बाईंनी माझे पळण्याचे बूट आधी पाहिले, रिपोर्ट नंतर. रक्त मुंबईला पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "ही लहान मुलांना होते त्या जातीची शुगर आहे, पण तुम्हाला मोठेपणी आलीय आणि हळूहळू आलीय. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी तुमचंच शरीर मारून टाकतंय. काही वर्षं चाललं असेल."

"हा धडा मी शिकवते," मी म्हणाले.

"मग तुम्हाला अवघड जाईल." त्यांनी पेन टोचून दाखवलं, मग खुर्ची जवळ ओढली. "एक नीट ऐका. थोड्या पेशी अजून शिल्लक आहेत. तुम्ही किती इन्सुलिन टोचलं ते तुम्हाला माहीत असेल. पण त्या उरलेल्या पेशी कधी जाग्या होतील आणि किती सोडतील, ते कुणालाच माहीत नसेल. त्यात तुम्ही पळणार. पळताना तेच इन्सुलिन दुप्पट जोरानं काम करतं. म्हणून पळण्याआधी खाल्लंत, तर त्या खाण्याचा डोस निम्मा. मांडीत टोचायचं नाही, पोटावर टोचायचं. मांडी हलली की औषध घाईनं चढतं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. हात थरथरले, घाम फुटला, की थांबायचं, खायचं, पंधरा मिनिटं बसायचं."

"पळणं सोडून देऊ?"

"मी तसं म्हणाले का?"

लातूरला परत येताना बसमध्ये मी सारखा पोटावर हात ठेवून बसले होते. वर्गात फळ्यावर मी स्वादुपिंड शेकडो वेळा काढलं असेल, पानाच्या आकाराचं, आत पेशींची बेटं. आपल्या आत ती बेटं एकेक करून विझत होती आणि त्याच वेळी आपण वर उभं राहून पोरांना त्यांची नावं पाठ करायला लावत होतो, हे मला त्या बसमध्ये समजलं.

पहिले काही आठवडे मी शिस्तीत काढले. बोट टोचायचं, आकडा बघायचा, एक पोळी खायची, पोटावर दोन युनिट, आणि पळायला निघायचं. पहिल्या दिवशी एकशे साठवर निघाले, पाच किलोमीटरनंतर चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी तीच पोळी, तेच दोन युनिट, तोच रस्ता, तीच वेळ. परत आले तर एकशे नव्वद. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं तेच, आणि तिसऱ्या किलोमीटरलाच गुडघ्यातून जीव गेला. प्रयोग तोच असेल तर उत्तर तेच यायला हवं, असं मी वीस वर्षं शिकवत होते. आता माझ्याशिवाय आणखी कुणीतरी आत बसून आपल्या मर्जीनं डोस देत होतं. कधी देत होतं, कधी नव्हतं. पळताना मला त्याची चाहूल घ्यायची सवय लागली. बोटं थंड पडताहेत का? ओठांना मुंग्या येताहेत का? रस्त्यावरचा आवाज लांब जातोय का?

क्लासमध्ये मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या रस्त्यावर दर चौथ्या इमारतीवर कुठल्यातरी क्लासचा फ्लेक्स आहे, आणि एकावर माझाही चेहरा होता. हात थरथरणाऱ्या मॅडमचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

एका सकाळच्या तासाला, पळून आल्यानंतर, मी अंतःस्रावी ग्रंथी शिकवत होते. फळ्यावर आकृती काढली आणि बोलत राहिले. समोर सगळ्यांच्या माना खाली होत्या, पेनं चालत होती. बरं चाललंय असंच मला वाटत होतं. मग पुढच्या बाकावरची एक पोरगी, हिमायतनगरकडची, रूम करून राहणारी, हात वर करून उभी राहिली. "मॅडम, हे वाक्य किती वेळा लिहायचं?"

मी वळून पाहिलं. बीटा पेशींना मी बाण काढला होता आणि नाव लिहिलं होतं. मग त्याखाली तेच नाव. मग त्याखाली तेच. फळ्याच्या तळापर्यंत एकच शब्द, अक्षर खाली खाली वाकडं होत गेलेलं. आणि वाक्य? मी एकच वाक्य सांगत होते म्हणे. तीनशे जणांनी ते जसंच्या तसं अकरा वेळा वहीत उतरवलं होतं. कुणी हसलं नव्हतं, कुणी थांबवलं नव्हतं. मॅडम सांगताहेत म्हणजे परीक्षेला असणार.

पर्समधल्या चार गोळ्या मी पाठमोरी उभी राहून चावल्या. "पाठ व्हावं म्हणून," मी म्हणाले. पोरगी खाली बसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की शुगर उतरली की आधी हात थरथरतीलच असं नाही. कधीकधी आधी माणूसच निघून जातो, आणि गेल्याचं त्याला ठाऊक नसतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी जे घडलं, ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि शिकायला लातूरला मामाकडे होते. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला. कुडाच्या भिंती, वर पत्रे. ती हलली, वाकली, पण माणसं बरीचशी वाचली. गावातली मोठी घरं दगडाची, वर हातभर मातीचं माळवद. ती झोपलेल्या माणसांवर बसली. मला पंधरा दिवस कुणी तिकडे जाऊ दिलं नाही. गेले तेव्हा आमचं बिऱ्हाड पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि जुन्या गावाकडे फिरकायचं नाही अशी मायची ताकीद होती. पुढे तीन किलोमीटरवर नवं गाव बसलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. म्हणून मी माझं गाव पडलेलं असं नीट पाहिलंच नाही. माझ्या डोक्यात ते उभंच राहून गेलं.

त्या गावात गुरुजींचं घर होतं. गुरुजींच्या बायकोला आम्ही बाई म्हणायचो. माझं अक्षर त्यांनी सुधारलं. संध्याकाळी मी पाटी घेऊन जायचे. मी ओसरीवर, त्या उंबऱ्याच्या आत. पाणी मागितलं तर तांब्यातून वरून ओतायच्या, मी ओंजळ धरायची. त्या वाईट नव्हत्या, माझ्यावर त्यांची मायाही होती. पण उंबरा मी कधी ओलांडला नाही, आणि त्यांनी कधी ये म्हटलं नाही. भूकंपात ते घर गेलं, त्यात त्याही गेल्या.

क्लासला दोन दिवस सुट्टी होती म्हणून मी नव्या गावात मायकडे गेले होते. तिनं गव्हाची खीर केली होती. माझी शुगर तिला अजून पटत नव्हती. "पळणाऱ्या माणसाला कसली आली शुगर," म्हणत तिनं वाटी भरली, आणि मी खाल्ली. सकाळी मीटर दोनशे त्रेचाळीस दाखवत होतं. मला राग आला, खिरीचा नाही, आकड्याचा. बाजरीची अर्धी भाकरी खाल्ली. पळायचं असल्यानं तिला निम्मे, दोनच युनिट पुरले असते. मी पूर्ण चार घेतले आणि वर दोन जादा, आकडा लवकर खाली यावा म्हणून. घरात शेजारचे दोघे चहाला बसले होते. पोटावरचा कपडा वर करायचा संकोच वाटला, म्हणून पॅन्टवरूनच मांडीत टोचलं. डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सगळं मला तोंडपाठ होतं आणि मी सगळं उलटं केलं.

"कुठवर जातीस?" मायनं विचारलं.

"रस्त्यानं थोडं," मी म्हणाले.

ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. पाय हलके पडत होते. इतके हलके की फार दिवसांनी मला माझं जुनं पळणं सापडल्यासारखं वाटलं. आता वाटतं, तीच पहिली खूण होती. जुन्या गावाचा फाटा आला आणि मी न ठरवता आत वळले.

तिथं आता काही नाही. जोत्यांचे दगडही लोकांनी नेलेत. वेडी बाभूळ माजलीय, मध्ये शेळ्यांनी पाडलेल्या वाटा. कुठंतरी शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या, त्या बंद झाल्या. वारा होता, तोही पडला. मान घामानं ओली झाली. थांबावं असं वाटलं आणि मी थांबले, तर समोर गल्ली होती.

ती अंधुक नव्हती, स्वप्नासारखीही नव्हती. चुन्याची भिंत होती, खाली हात पोचेल तिथवर मळकी झालेली. नुकत्या सारवलेल्या जमिनीचा ओला वास होता. ओसरीचा दगड कोपऱ्यात फुटका होता आणि तो फुटका होता हे मी सव्वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. दारात बाई उभ्या होत्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "आत ये."

"नाही, मी हितंच बसते," मी म्हणाले. मी माझ्या लहानपणच्या आवाजात बोलत होते.

"ऊन लागंल. आत ये गं."

माझा उजवा हात खिशात होता. बोटांना गोळ्यांची पुडी लागत होती. ती पुडी कशासाठी आहे हे मला कळत होतं आणि तरी त्याला काही अर्थ नव्हता. मी एक गोळी बाहेर काढली.

"जेवायच्या आधी ते काय खातीस?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "ठेव ते. आत वाढलंय तुला."

मी ठेवली. आज्ञाधारक पोरीसारखी गोळी परत पुडीत घातली आणि पुडीचा कागद दुमडला. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, आणि पाहतोय हे स्वतःलाही कळू दिलं नाही, ते आता होणार होतं. मी म्हणाले, "येते." आणि उंबऱ्यावर पाय टाकला.

दंडाला कुणीतरी धरलं. जोरात, नखं रुतेपर्यंत. मी झटकायला गेले, पण हातात जोर नव्हता. मग तोंडाला प्लॅस्टिकची बाटली लागली आणि आवाज आला, "पी. गीळ आधी. गीळ, माय."

कोमट, काळा, भरपूर गोड चहा होता. मी प्यायले. थोड्या वेळानं घंटा पुन्हा वाजायला लागल्या. मग वारा आला. मग दिसलं की मी बाभळीच्या जाळीत कमरेपर्यंत शिरले होते, दोन्ही हात ओरबाडून निघाले होते, आणि एक म्हातारी मला मागं ओढून काढत होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला पुरुषाचा रुमाल.

तिनं मला मोकळ्या जागी बसवलं. मीटर काढून बोट टोचायला मला तीन खेपा लागल्या. एक्केचाळीस. तेही चहा पोटात गेल्यावर. मी सगळ्या गोळ्या तोंडात कोंबल्या. म्हातारी शेजारी उकिडवी बसली. माझे दात वाजायचे थांबले तेव्हा म्हणाली, "कुणाशी बोलायलीस?"

"कुणाशी नाही. मला शुगर आहे. कमी झाली की भास होतात."

"असंल." ती शेळ्यांकडे बघत होती. "हितं येणारे समदेच कुणाशी ना कुणाशी बोलत्यात. त्यास्नी तर शुगर न्हाई."

ती मला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आली. मायला मी सांगितलं, घसरून काट्यात पडले. माय हाताला हळद लावत होती, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, कारण मला रडू येत होतं आणि ते भीतीचं नव्हतं. मला आत जायचं होतं.

मिस्टरांना सांगितलं आठ दिवसांनी, तेही अर्धं. बाईंचं सांगितलं नाही, फक्त एक्केचाळीसचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बुटांच्या नाड्या बांधत होते, तर ते सायकलची हवा बघत होते. तेव्हापासून ते माझ्या मागं वीस पावलांवर सायकल चालवतात. दर दोन किलोमीटरला घंटी वाजवतात. घंटी वाजली की मी त्यांना एकोणीसचा पाढा म्हणून दाखवायचा, हा त्यांचा नियम. पाढा चुकला की गोळी. मी चिडायचे. पण पाढा दोनदा खरोखर चुकला.

नांदेडच्या डॉक्टर बाईंना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाल्या, "मेंदूला साखर पुरली नाही की काहीही दिसू शकतं. ओळखीचंच दिसतं बहुतेकांना. यात घाबरण्यासारखं ते नाही. तुम्ही हातातली गोळी परत ठेवलीत, ते आहे." त्यांनी सकाळचा डोस कमी केला. पळायच्या दिवशी रात्रीचाही कमी केला. नाश्त्याआधीच, उपाशीपोटी, जेवणाचं इन्सुलिन न घेता पळून बघा म्हणाल्या. मीटर शंभरच्या खाली असेल तर आधी केळं, अडीचशेच्या वर असेल तर पळायचंच नाही, आकड्यावर राग काढायचा नाही. हे शेवटचं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

पुढच्या सुट्टीत मी म्हातारीसाठी चहापत्ती आणि साखर घेऊन गेले. माय तिला ओळखत होती. नव्या गावात तिसऱ्या ओळीत तिचं घर, भूकंपात तिचे सासू-सासरे गेलेले. ती जुन्या गावातच भेटली, शेळ्यांजवळ. पिशवी घेतली, आत बघितलं, बाजूला ठेवली.

"तुम्ही मला कधीपासून बघत होतात?" मी विचारलं.

"लई येळ झाला. आधी वाटलं, असंल कुणी घरचं आठवून बोलत. एकदा न्हाई म्हणलीस. तवर मी काय उठले न्हाई. मग तू येते म्हणलीस." ती थांबली. "तवा उठले."

मग तिनं विचारलं, कुणी बोलावलं. मी गुरुजींच्या बाईंचं नाव घेतलं. म्हातारीनं काठीनं ओढ्याच्या पलीकडे दाखवलं. "तिचं घर तिकडं व्हतं. त्या लिंबाच्या अंगाला. हितं न्हाई."

"मग हितं कुणाचं घर होतं?"

"हितं कुणाचंच न्हाई. हितं मोकळं रान व्हतं. म्हणून तर त्या टायमाला समद्यांना हितंच आणलं. लाकडं पुरंनात. एकेका सरणावर चार-चार." ती उठली. एक शेळी जाळीत शिरत होती, तिला हाकलून आली. "तुला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. किंवा लहानपणी कुणी मोठं माणूस बोलताना कानावर पडलं असेल आणि मी विसरले असेन. मी विज्ञान शिकवते, मी असंच म्हणायला हवं आणि म्हणते. पण त्या दिवशी सपाट उन्हात उभी असताना मी मीटर काढून बघितलं होतं. एकशे अठ्ठावीस होती. तरी मी मागं न बघता रस्त्यापर्यंत गेले.

पुढच्या वर्षी नांदेडला एक छोटी शर्यत होती, दहा किलोमीटरची. मी पळाले. मिस्टर सायकल घेऊन बाहेरून समांतर रस्त्यानं आले. सहाव्या किलोमीटरला मी एक केळं खाल्लं, नवव्याला तीन गोळ्या. शेवटी एकशे चौदा. माझ्यापुढे बावीस वर्षांच्या पोरी होत्या, मागेही होत्या.

क्लासमध्येही सांगून टाकलं. तोच धडा शिकवत होते. पेन काढलं आणि सगळ्यांसमोर पोटावर टोचलं. तीनशे माना वर आल्या. पहिल्यांदाच कुणी काही लिहून घेतलं नाही.

या वर्षी डॉक्टर बाईंनी एक तपासणी करून घेतली, आपलं शरीर अजून किती इन्सुलिन करतं ते बघणारी. रिपोर्ट जवळजवळ शून्याचा आला. त्या मला समजावू लागल्या की हे होणारच होतं, आता डोस थोडा वाढेल. मी म्हणाले, मला कळतंय. आणि खरंच गेले काही महिने मला कळत होतं. तीच पोळी, तेच युनिट, तोच रस्ता, आणि आकडाही बहुतेक तोच. आतून कुणी मध्ये पडत नव्हतं.

लोकांना वाटेल, हे वाईट झालं. पळायला ते सोपं आहे, एवढंच मी सांगू शकते. मात्र सकाळी चढावर श्वास जुळून येतो, सायकलची चेन मागं किरकिरत असते, आणि सवयीनं मी आत कान देते. तिथं आता अगदी शांत असतं.